चहाइतका वेळ

अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या त्या सर्व्हिस सेंटरात गाडीच्या बॅटरीची वायर काढली की माणसं चहा प्यायची. चहा संपेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. घालून दिला होता देवानंद गावंडेने, आणि त्याला त्या नियमाचा मनातून अभिमान होता.

देवानंद तिथल्या इलेक्ट्रिकल विभागाचा प्रमुख. मूळचा तिवस्याचा, वय बावन्न. हाताखालची पोरं त्याला उस्ताद म्हणत. एअरबॅगवाल्या गाड्या कामाला येऊ लागल्या तेव्हा कंपनीने त्याला तीन दिवस नागपूरला शिकायला पाठवलं होतं. तिथून तो जरा घाबरूनच परत आला. स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली, नायलॉनची पिशवी घडी घालून ठेवलेली असते. तिच्या मागे लोखंडी डबीत रसायनाच्या गोळ्या, आणि त्या पेटवायला काडेपेटीच्या गुलाएवढी दारू. गाडी आदळली की पुढचे सेन्सर आणि गिअरजवळची एक पेटी मिळून ठरवतात, की हा खड्डा नव्हे, हा अपघात आहे. तसं ठरलं की पेटी पिवळ्या वायरीतून जराशी वीज सोडते. दारू पेटते, गोळ्यांचा वायू होतो, झाकण फाटतं आणि पिशवी ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. सेकंदाचे हजार भाग केले तर तीस-चाळीस भागांत सगळं आटोपतं. माणसाची पापणी मिटायला शंभराहून जास्त भाग लागतात. पट्टा बांधून हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा त्याने जीव वाचतो. तोंड वीतभर अंतरावर असलेल्या माणसासाठी मात्र तो सुरुंगच.

देवानंदच्या डोक्यात सगळ्यात जास्त बसली ती त्या पेटीची गोष्ट. आदळताना बॅटरीच तुटली तरी पिशवी उघडावी, म्हणून ती पेटी आपल्या पोटात थोडी वीज धरून ठेवते. बॅटरीची वायर काढली तरी ती वीज लगेच मरत नाही, हळूहळू झिरपत जाते. म्हणून वायर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं. मगच पिशवीचा डबा सोडवायचा. उचलताना झाकण पोटाकडे ठेवायचं नाही, बाहेरच्या बाजूला ठेवायचं. टेबलावर ठेवताना झाकण वर. पिवळ्या वायरींना टेस्टर लावायचा नाही, कधीच नाही.

बाकी सगळं पोरं पटकन शिकली. दहा मिनिटं तेवढी त्यांच्याच्याने होईनात. वायर काढून हातावर हात ठेवून उभं राहणं मेकॅनिकच्या स्वभावातच नाही, त्यात बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघत बसलेलं.

"उस्ताद, झाले दहा," असं नितेश चौथ्या मिनिटाला म्हणायचा.

"तुह्या घड्याळातला काटा घोड्यावर बसला काय बे?"

महिनाभर ओरडून घसा बसला तेव्हा देवानंदने ही युक्ती काढली. फाटकाबाहेर सहदेवची चहाची टपरी होती. सहदेव तयार चहा कधी ठेवायचा नाही. सांगितलं की आलं ठेचणार, पातेलं चढवणार, दोनदा उकळी आणणार, किटली आणि काचेचे ग्लास घेऊन रमतगमत आत येणार. मग पोरं बशीत ओतून फुंकर मारत पिणार, आणि सहदेव रिकाम्या ग्लासांसाठी गप्पा हाणत उभा राहणार. देवानंदने सांगून टाकलं, वायर काढली की सहदेवला आवाज द्या, आणि सहदेव ग्लास घेऊन गेला की कामाला लागा. माणूस घड्याळाशी भांडतो, चहाशी भांडत नाही, हे त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून कोणालाही सांगावं लागलं नाही. नवा माणूस आला की जुने त्याला पहिल्याच दिवशी शिकवत, "पहिले चहा, मंग स्टिअरिंग." नागपूरचे साहेब एकदा तपासणीला आले होते, त्यांनीही हसून वाखाणलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दामिनी आली. तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडची, बाप नत्थुजी भाजीपाला पिकवून आठवडी बाजारांत विकणारा. अकोल्यात डिप्लोमा केलेला, परीक्षेत वरचा नंबर. विभागातली पहिली मुलगी. हात हलका आणि डोळा बारीक. घासलेली वायर पोरांना टॉर्च लावून सापडत नसे, ती हिला नुसत्या बोटाने सापडायची. आठवडाभरात तिने विचारलं होतं,

"सर, चहा म्हणजे किती मिनिटं धरायची?"

सगळे हसले. नितेश म्हणाला, "आली रे बाप्पा मिनिटवाली!"

आणि देवानंदही हसला होता. "चहा म्हणजे चहा, पोरी. इथं मिनिटं चालत नाहीत."

तेव्हापासून तिचं नावच ते पडलं. ओ मिनिटवाली, दहाचा पाना दे. मिनिटवाली, डबा खायले किती मिनिटं बाकी हायेत? त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. ती पण हसायची. पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर रस्ता रुंद करायला घेतला आणि सहदेवची टपरी उठली. तो परतवाड्याला मेव्हण्याच्या हॉटेलात गेला. चार दिवस विभागात चहा नव्हता, आणि त्या चार दिवसांत देवानंदने दोनदा पोरांना वायर काढल्या काढल्या स्टिअरिंगशी झटताना पकडलं. त्याला धडकीच भरली. चहा बंद तर थांबणं बंद, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्यानेच वर्क्स मॅनेजर ओमप्रकाश साहेबांकडे अर्ज केला, की विभागात चहाचं मशीन बसवून द्यावं, सुरक्षेच्या दृष्टीने गरजेचं आहे. साहेबांना गंमत वाटली, पण मशीन आलं. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटाच्या आत कागदी कप भरायचा, आणि कप तरी केवढा, चार घोटांचा. पोरं खूश झाली. देवानंदही निश्चिंत झाला. वायर काढली की चहा पुन्हा सुरू झाला होता.

पोळ्याच्या आधीचा गुरुवार होता. परतवाड्याची एक गाडी आली होती, हॉर्न वाजत नव्हता आणि एअरबॅगचा लाल दिवा जळत होता. स्टिअरिंगमागची, हॉर्न आणि एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी बदलायचं काम. दामिनीने हातातलं घड्याळ काढलं, कारण विजेच्या कामाला धातू अंगावर नको. मोबाइल लॉकरमध्ये ठेवला, तोही नियमच. वायर काढून ती मशीनपाशी गेली, चहा घेतला, तो पिऊन कप टोपलीत टाकला. परत येऊन अंगातली वीज उतरावी म्हणून आधी गाडीच्या पत्र्याला हात लावला. मग डबा सोडवून जरासा पुढे घेतला. मागच्या पिवळ्या वायरींच्या जोडाचं कुलूप कोणीतरी आधीच मोडून वर काळी टेप गुंडाळलेली होती. रस्त्यावरच्या कोणा कारागिराने हॉर्न दुरुस्त करताना वायरी सोलून ठेवल्या होत्या. टेपचं टोक दिसेना म्हणून ती वाकली.

देवानंद तीन गाड्या सोडून उभा होता. आवाज आला तो टायर फुटल्यासारखा नव्हता. कोरडा होता, पत्र्यावर घण मारावा तसा. गाडीच्या दारातून पांढरी भुकटी बाहेर आली आणि जळकट वास सुटला. त्या भुकटीतून दामिनी आपल्या पायांनी बाहेर आली. उजवा डोळा तिने तळव्याने दाबून धरला होता, दुसऱ्या हाताची बोटं वाकडी झाली होती. समोर देवानंद दिसल्यावर ती म्हणाली,

"सर, मी चहा घेतला होता."

तिला वाटलं असावं, आता ओरडा बसणार.

डोळा गेला. अमरावतीत पहिली शस्त्रक्रिया झाली, मग घरच्यांना जवळ पडावं म्हणून तिला अकोल्याला हलवलं. बोटं जुळतील, डाव्या कानात घुमणारा आवाज कदाचित थांबेल, पण उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून चौकशीला अश्विन नावाचे तरुण साहेब आले. त्यांनी सोललेल्या वायरींचे फोटो घेतले, पेटी सोडवून नेली. डबा नेमका कशाने उडाला ते पूर्ण सांगता येणार नाही म्हणाले, पण त्या वेळी पेटीत वीज शिल्लक होती एवढं नक्की. मग त्यांनी देवानंदला ओमप्रकाश साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"दहा मिनिटं थांबायची सूचना तुम्ही दिली होती ना?"

टेबलावर प्रशिक्षणाचं रजिस्टर उघडं होतं. दरवर्षी एकदा सगळ्यांना पुस्तकातले नियम वाचून दाखवायचे आणि सह्या घ्यायच्या. त्यात दहा मिनिटं लिहिलेली होती, खाली दामिनीची सही होती, स्वच्छ, वळणदार. ओमप्रकाश साहेब देवानंदकडे बघत होते. देवानंदने कागदावर एकच ओळ लिहिली. "नियमानुसार सूचना दिल्या होत्या." आणि सही केली. ओळ खोटी नव्हती, असं तो त्या दिवशी घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत होता.

आठवड्याने अहवालाचा मसुदा आला. "सदर तंत्रज्ञ यांनी चहापानात वेळ घालवून, नियत कालावधी न थांबता काम सुरू केले. सबब निष्काळजीपणा." ती ओळ देवानंदने उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली.

"साहेब, हे उलटं झालं," तो ओमप्रकाश साहेबांना म्हणाला. "चहा ती थांबायसाठीच प्याली. म्या शिकवलं होतं तसं."

साहेबांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दामिनीला दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी त्यांनीच काढली होती.

"उस्ताद, डोकं शांत ठेवून आयका. तुमी हे लिवून दिलं तर पोरीचा डोळा वापस येते काय? नाही येत. मंग एक गेली ते गेली, तुमी बी जासान. अन् नागपूरवाले विचारतीन, अकरा वर्षं मॅनेजर काय करून राहिला होता, म्हणजे मी बी. मसुदा पंधरा दिवसांनी पक्का होते. तोवर गप राहा."

देवानंद गप्प राहिला. तो गप्प राहिला पूर्ण नऊ दिवस, आणि त्या नऊ दिवसांत त्याने मशीनच्या चहाला तोंड लावलं नाही. दहाव्या दिवशी, रविवारी, बडनेऱ्याहून एसटी धरून तो अकोल्याला गेला. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने मनाशी वाक्यं जुळवली. बोरगाव मंजू आलं तेव्हा त्यातलं एकही आठवत नव्हतं.

दामिनी खाटेवर टेकून बसली होती. अर्ध्या तोंडावर पट्टी, गालाची कातडी सोलून गुलाबी झालेली. खाली सतरंजीवर नत्थुजी बसला होता, सडपातळ, टोपी मांडीवर.

"बसा जी," नत्थुजी म्हणाला. "हिवरखेडहून पेरू आणले, खाता काय?"

देवानंदने मान हलवली. मग दामिनीच आधी बोलली.

"सर, मी मोजलं."

"काय मोजलं?"

"मशीनचा चहा. नितेशले फोन करून मोजायले लावला. वायर काढून मशीनपाशी जाणं, बटण दाबणं, पिणं, कप टाकून वापस येणं. पाच डाव मोजलं त्यानं. सरासरी तीन मिनिटं चाळीस सेकंद येते."

देवानंदने खाटेच्या लोखंडी नळीला धरलं.

"सहदेवभाऊचा चहा मी लागली तेव्हाच मोजला होता," ती पुढे म्हणाली. आवाजात राग नव्हता, परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसं ती बोलत होती. "अठरा मिनिटं. एक डाव बावीस. दहाच्या वर होता, म्हणून म्या मंग विचारलं नाही. तुमचा नियम बरोबर होता, सर. सहदेवभाऊ होता तोवर बरोबरच होता."

"अन् मशीन आलं तवा?"

तिने पांघरुणाची घडी सरळ केली.

"तवा मले वाटलं होतं का हे लवकर होऊन राहिलं. दोन-तीनदा वाटलं. पण पुन्हा मिनिटं म्हटली असती तर..." तिने चांगला हात जरा उचलला आणि परत ठेवला. "हासले असते सगळे. मंग मी बी सवयीनं प्यायले लागली."

देवानंदला तिच्याकडे बघवेना. त्याला स्वतःचं हसू ऐकू येत होतं, दोन वर्षांपूर्वीचं, मोकळं, मोठं. चहा म्हणजे चहा, पोरी.

नत्थुजीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मसुद्याची प्रत होती, कोणाकडून तरी मिळवलेली. "मले वाचता येते थोडंबहुत. निष्काळजी म्हणजे काय ते बी समजते. एक सांगा साहेब मले, पोरीचं चुकलं काय?"

"नाही."

"मंग हे कागदावर काहून हाये?"

देवानंद त्या कागदावरची ती ओळ पुन्हा वाचू लागला.

"बाबा, थांबा," दामिनी म्हणाली. "सर, म्या अर्ज केला आहे. गाडीखाली वाकायचं काम आता मले देणार नाहीत, समजते मले. पण स्कॅनरचं काम टेबलावरचं आहे. गाडीले मशीन जोडायचं, आकडे वाचायचे, बिघाड सांगायचा. ते एका डोळ्यानं होते. ओमप्रकाश साहेब म्हणाले का जागा आहे. पण अहवालात निष्काळजी राहिलं तर टेक्निशियनचं सर्टिफिकेट रद्द होते, मंग कोणत्याच कंपनीत टेबल भेटत नाही. तेवढा एक शब्द निघाला पाहिजे. बाकी मले कोणाबद्दल काही म्हणणं नाही."

"म्या लिवून देतो," देवानंद म्हणाला. "उद्याच देतो."

नत्थुजीने एक पेरू त्याच्या हातात ठेवला. परतीच्या एसटीत तो पेरू त्याच्या मांडीवर तसाच राहिला.

सोमवारी सकाळी कामाला लागायच्या आधी त्याने दीड पान लिहिलं. आपला नियम, सहदेव, टपरी उठली ते, मशीनचा अर्ज आपण केला ते, मुलीने मिनिटं विचारली होती आणि आपण हसण्यावारी नेली ते. काही सोडलं नाही. मशीनच्या चहाला तीन-चार मिनिटं लागतात असं लिहिलं. शेवटी लिहिलं, की सदर तंत्रज्ञाने तिला शिकवलेला नियम तंतोतंत पाळला, चूक शिकवणाऱ्याची आहे. ओमप्रकाश साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नऊ दिवसांआधी दिलं असतं तर?" ते एवढंच म्हणाले, आणि कागद नागपूरला पाठवून दिला.

उत्तर लवकर आलं. घटनेच्या तिसऱ्या दिवशी दिलेला जबाब ताजा व स्वेच्छेचा असल्याने तोच ग्राह्य धरण्यात येत आहे. नंतरचा जबाब जखमी तंत्रज्ञाच्या कुटुंबीयांची भेट घेतल्यानंतरचा असून तो सहानुभूतीपोटी दिलेला दिसतो. तंत्रज्ञ दामिनी यांचे प्रमाणपत्र रद्द. विभागप्रमुख गावंडे यांनी तोंडी अनौपचारिक पद्धत रूढ केल्याबद्दल त्यांना लेखी समज. पुढे अशी घटना होऊ नये म्हणून विभागात वेळमापक बसवण्यात यावा.

देवानंदने फोन लावला, अश्विन साहेबांशी बोलला. "साहेब, पहिला जबाब म्या भिऊन दिला होता. दुसरा खरा आहे." तिकडून सौम्य आवाजात उत्तर आलं, की काका, भीतीने दिलेला जबाब खोटा आणि दयेने दिलेला खरा, हे मी कागदावर कसं सिद्ध करू? देवानंदने राजीनामा लिहिला. ओमप्रकाश साहेबांनी तो फाडला. "तुमी गेल्यानं तिचं सर्टिफिकेट येत असन तर आत्ता घेतो," ते म्हणाले. ते काही येणार नव्हतं.

वेळमापक बसवला. स्वयंपाकघरात कुकरपाशी ठेवतात तसला, पांढरा, तळहाताएवढा, प्रत्येक जागी एक. वायर काढली की बटण दाबायचं. दहा मिनिटांनी तो पीप पीप वाजायचा, आणि वाजेपर्यंत कोणीही स्टिअरिंगला हात लावत नसे. पोरं त्याच्याशी भांडली नाहीत. पहिल्याच दिवसापासून भांडली नाहीत. देवानंद दिवसातून सात-आठ वेळा तो आवाज ऐकायचा, आणि दर वेळी हातातलं काम थांबवून उभा राहायचा. नितेशने एकदा विचारलं, "उस्ताद, काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही बे. वाजू दे."

निकाल दामिनीला टपालाने कळला होता. तरी दिवाळीनंतर एका शुक्रवारी रजा टाकून तो हिवरखेडला गेला. अकोट ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणीला बाया वाकलेल्या. घर विचारत गेला. अंगणात मेथीचा ढीग पडला होता, नत्थुजी आणि त्याची बायको मनकर्णा जुड्या बांधत होते, आणि त्यांच्यात बसून दामिनीही. पट्टी निघाली होती. उजव्या पापणीच्या जागी कातडी आत ओढली गेली होती. तिने जुडी बांधायला दोरी टाकली ती जुडीच्या अलीकडेच पडली. तिने ती न बोलता पुन्हा टाकली.

"या सर," ती म्हणाली आणि उठून खुर्ची आणली.

नत्थुजीने मान खाली घालून जुड्या बांधणं चालू ठेवलं.

देवानंदला सगळं सांगायचं होतं. नागपूरचा फोन, फाडलेला राजीनामा, तो अजून दोन ठिकाणी शब्द टाकून आलेला होता आणि दोन्ही ठिकाणी सर्टिफिकेटवर येऊन गाडं अडलं होतं, ते. त्याने तोंड उघडलं आणि त्यातलं निम्मं कसंबसं सांगितलं. दामिनीने ऐकून घेतलं.

"सर, तुमच्या कागदात मशीनच्या चहाची किती मिनिटं लिवली होती?"

"तीन-चार."

"तीन मिनिटं चाळीस सेकंद लिवायचं होतं, सर. म्या मोजून दिलं होतं. तीन-चार म्हटलं का अंदाज वाटते." मग लगेच म्हणाली, "त्यानं काही फरक नसता पडला म्हणा."

फरक पडला असता की नाही, ते त्याला आता कधीच कळणार नव्हतं. नऊ दिवस गप्प न राहता चौथ्या दिवशी लिहिलं असतं तर, अंदाजाच्या जागी आकडा लिहिला असता तर. आणि त्या सगळ्याच्या आधी, ती पहिल्या आठवड्यात विचारत होती तेव्हा हातातला पाना खाली ठेवून, चल मोजू, एवढंच म्हटलं असतं तर.

"पोरी, सरले चहा मांड," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं तिला जमलं नसतं.

"नका जी, चहा नको मले," देवानंद घाईने म्हणाला.

"घ्या ना," दामिनी म्हणाली आणि आत गेली.

चूल पेटल्याचा, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. घरचं दूध, आलं, दोन उकळ्या. मग ती पातेलं फडक्यात धरून बाहेर आली, दुसऱ्या हातात कपबशी. कपबशी तिने खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवली, वाकली, आणि ओतायला लागली. धार कपाच्या बोटभर अलीकडे पडली. चहा बशीत पडला, बशीतून स्टुलावर, स्टुलावरून देवानंदच्या पायावर. कढत होता. त्याने पाय हलवला नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे त्याला ठाऊक होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. धार थांबली. दामिनीने मोकळ्या हाताने चाचपून कपाचा काठ शोधला, पातेल्याचा ओठ त्यावर टेकवला आणि कप भरला. एक थेंबही जास्त नाही.

नत्थुजीच्या हातातली दोरी थांबली होती.

"प्या सर," ती म्हणाली. "गरम आहे, सावकाश प्या."

देवानंदने कप उचलला. ओसरीतल्या भिंतीवर घड्याळ होतं. दामिनीने घड्याळाकडे एकदा पाहिलं, मग मेथीच्या ढिगापाशी जाऊन बसली आणि दोरी घेतली. तो पीत होता तोवर त्याला तिच्या जुड्या मोजता आल्या. अकरा झाल्या. त्यातल्या चार जुड्यांना दोरी दुसऱ्यांदा टाकावी लागली.